दोन पोती सिमेंट

अंगण अर्धं सारवून झालं होतं. दाराच्या पायरीपासून आंब्याच्या झाडापर्यंत लाल मातीचा ओला पट्टा, त्याच्या पलीकडे कालची धूळ, आणि मधोमध गुडघ्यांवर बसलेली एनेलेसी. कोपरापर्यंत हात मातीने माखलेले. तेवढ्यात वाटेवर मोटारसायकल फटफटली आणि अनाथ मुलांना मदत करणाऱ्या प्रकल्पाची लव्हनेस उतरली.

"मावशी, पाय कुठे ठेवू?"

"डोक्यावर ठेव. बाकी सगळं ओलं आहे."

लव्हनेस हसत कडेकडेने आली आणि चुलीच्या खोपटापाशी उलट्या उखळावर बसली. तिच्या पिशवीत जाड फाइल होती. प्रत्येक मुलाची एक फाइल असते. त्यात वर्षातून एकदा काढलेला फोटो, वजन, शाळेचे गुण, आणि मुलाने परदेशातून खर्च पाठवणाऱ्या पालकाला लिहिलेल्या पत्राची नक्कल. मतिसुंगेच्या पालकीणबाईंचं नाव मार्ग्रेता. त्यांच्या देशात जून महिन्यात सूर्य मावळतच नाही असं लव्हनेसने एकदा सांगितलं होतं, तेव्हा एनेलेसीने विचारलं होतं, मग ती माणसं रात्रीची प्रार्थना कधी करतात.

मतिसुंगे सुपात घेवड्याचे दाणे निवडत बसली होती. अकरा वर्षांची, काटकुळी, मोठ्या कानांची. तिच्या नावाचा अर्थ 'आम्हाला सांभाळ' असा. पोटात असतानाच बाप गेला म्हणून आईने ठेवलेलं नाव.

"मार्ग्रेताबाई यंदा तुला भेट पाठवणार आहेत," लव्हनेसने कागद पुढे केला. "बूट, दप्तर-वह्या, ब्लँकेट, नाहीतर शेळी. चार चौकटी आहेत, एकीत खूण करायची."

"शेळी घे," एनेलेसी म्हणाली. "बूट चार महिन्यांत फाडशील. शेळी निदान पिल्लं तरी देते."

मतिसुंगेने सूप खाली ठेवलं. "सिमेंट मिळेल का?"

"सिमेंट? घर बांधायला काढलंस की काय? नवरा ठरला वाटतं, आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"आईच्या कबरीला," पोरगी म्हणाली. "वर्गातल्या एकीच्या वडलांची कबर बांधली. वर पांढरी चादर घातली होती, ती पाद्रीबाबांनी काढली. खाली त्यांचं नाव होतं. माझ्या आईची नुसती माती आहे. एवढे पाऊस झाले. सपाट झाली असेल."

लव्हनेसचं हसू विरलं. तिने फाइल उघडली, दोन पानं उलटली. "पण कबर आहे कुठे? इथे लिहिलंय, नातेवाईक सापडले नाहीत, गाव माहीत नाही."

"मला आठवत नाही. मोठ्या आईला माहीत असेल."

मोठी आई म्हणजे एनेलेसी. पोरीने पहिल्याच वर्षी तिला आपणहून दिलेलं नाव. दोघी तिच्याकडे बघत होत्या. एनेलेसीने बोळा मातीत बुडवला, पिळला, आणि अर्धगोल ओढत "बघू" एवढंच म्हणाली.

तिला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

एनेलेसीला देवाने दोन लेकरं दिली होती आणि दोन्ही वर्षाच्या आत परत नेली. मग नवरा गेला. नवऱ्याच्या मागे ती आपल्या आईच्या गावी, डेड्झाच्या डोंगराखाली परत आली, बटाटे लावायची, रविवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून चर्चच्या महिला मंडळात बसायची. त्या वर्षांत गावोगाव आजाराने माणसं मरत होती. कडेवर घ्यावं असं मूल प्रत्येक पडवीत होतं, घेणारी माणसं मात्र उरली नव्हती. प्रकल्पाने विचारलं, कुणी मुलं सांभाळेल का, तेव्हा हात वर करणारी ती पहिली. आधी दोघे अनाथ भाऊ आले, त्यांना वाढवलं, ते शहरात कामाला लागले. मग मतिसुंगे आली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात मायलेकी एकाच खाटेवर होत्या. आई गेली. गावची माणसं भाड्याचं वाहन घेऊन आली, प्रेत घेऊन गेली. पोरगी तेव्हा गोवराने फणफणून दुसऱ्या वॉर्डात होती, तिला न्यायला महिन्याने येऊ असं ती माणसं सांगून गेली. कुणी आलं नाही. पाच वर्षांची ती पोर समाजकल्याणच्या साहेबांनी सही घेऊन एनेलेसीच्या हातात दिली. पहिला महिनाभर ती कुणाशी बोललीच नाही. आणि जेव्हा बोलली, तेव्हा एका सकाळी न्सिमाचा, मक्याच्या घट्ट पिठल्याचा, गोळा हातात घेऊन म्हणाली, "कापिरीला आजी घेवड्यात मीठ जास्त घालते."

कापिरी. बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एनेलेसीने ते ऐकलं आणि गिळलं. उद्या सांगू, पोर जरा भरू दे, मग सांगू. वजन भरलं. मग म्हटलं, पहिलीत जाऊ दे. मग वाटलं, ज्यांना यायचं ते आले असते. लव्हनेस दर वर्षी विचारायची, काही आठवतं का गं तिला? एनेलेसी म्हणायची, लहान होती. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि असं बोलणं देवाच्या खात्यात कुठे जातं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पुढेपुढे पोरगीच ते नाव विसरली. त्या दिवशी एनेलेसीने देवाचे आभार मानले आणि लगेच तोंडावर हात धरला.

सिमेंटच्या मागणीकडे मात्र तिला पाठ फिरवता येईना. जिवंत माणसाला टाळता येतं, मेलेल्याला नाही. ज्या बाईचं लेकरू आपण सहा वर्षं पोटाशी धरून झोपलो, तिच्या छातीवरची माती वाहून जाते आहे, आणि लेकरू दोन पोती सिमेंट मागतं आहे. एनेलेसीने सात दिवस प्रार्थना केली. 'देवबापा, मला एवढं एक सोडून दुसरं काहीही सांग,' अशी ती प्रार्थना होती. आठव्या दिवशी ती चालत प्रकल्पाच्या ऑफिसात गेली आणि लव्हनेससमोर बसून म्हणाली, "गाव कापिरी."

लव्हनेसने समोरची फाइल मिटली. मग हळूच म्हणाली, "मावशी, हे मी काय ऐकतेय."

"ऐकलंस ते खरं आहे."

"मला रागवता येत नाही तुमच्यावर. पण रागवायला हवं."

"रागव. मी बसले आहे."

लव्हनेस रागावली नाही. तिने चौकटींखाली पाचवी ओळ आपल्या हाताने लिहून कागद पाठवला, आणि सहा आठवड्यांनी मार्ग्रेताबाईंचा होकार आला. 'माझ्याही आईच्या कबरीवर मी दर महिन्याला जाते,' असं त्यांनी लिहिलं होतं. ऑफिसच्या पडवीत दोन पोती येऊन पडली.

"एक लक्षात ठेवा," लव्हनेसने बजावलं. "कबरीला हात लावायचा तर मेलेल्या बाईच्या भावाची परवानगी लागते. तुम्ही एकट्या जाऊ नका. तुमच्या भावाला घेऊन जा."

हे सांगायची गरज नव्हती. इकडे लहान मुलालासुद्धा ठाऊक असतं. लग्न असो, भांडण असो, जमिनीचा बांध असो, आपल्या बाजूने बोलायला आपला एक वडीलधारा बरोबर हवा. तोंड त्याचं, काम आपलं. ज्याच्या शेजारी बोलणारा नाही, त्याचं काही म्हणणं नाही असं धरून चालतात. एनेलेसीचा भाऊ केन्नेडी तलावाच्या काठाला मासळी सुकवायला गेला होता, दोन आठवड्यांनी येणार होता. आणि शेजारच्या बिझविकची बैलगाडी बटाट्याचं बियाणं आणायला गुरुवारीच कापिरीच्या वाटेने जाणार होती.

"दोन आठवडे थांबा ना," लव्हनेस म्हणाली.

"सिमेंट ओल धरतं. आणि हा काही वाद नाही. मी काही मागायला जात नाही, द्यायला जाते आहे. त्याला कशाला वडीलधारा?"

तिने मनाची अशी समजूत घातली. मनातली खरी गोष्ट वेगळी होती. दोन आठवडे थांबलो तर आपण जाणारच नाही, ही तिला भीती होती.

गुरुवारी सकाळी धुक्यात गाडी निघाली. मागे दोन पोती, पोत्यांवर मतिसुंगे. काम दोन-तीन दिवसांचं, थंडी हाडं फोडणारी, म्हणून एनेलेसीने पोरीचे सगळे गरम कपडे, शाळेचा स्वेटर, चटई आणि ब्लँकेट यांचं गाठोडं बांधलं होतं. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून परातभर मक्याचं पीठही घेतलं होतं.

"मावशी, पोरीला सासरी पोचवायला निघालात काय?" बिझविक म्हणाला.

"गाडी हाक. बैलांपेक्षा तूच जास्त हंबरतोस."

कापिरीत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दवाखान्यात गेलेल्या बाईचं घर विचारून एनेलेसी रीतीप्रमाणे त्या अंगणाच्या कडेला बसली, शेजारी मतिसुंगे, पुढ्यात गाठोडं आणि पिठाची परात. चुलीपाशी एक आंधळी म्हातारी शेंगा सोलत होती.

"कोण आलं?" म्हातारीने मान वर न करता विचारलं.

एनेलेसीने सांगितलं. अमक्या गावची, अमक्या घराण्याची, आणि बरोबर ही मतिसुंगे, दवाखान्यात वारली तिची मुलगी.

म्हातारीचे हात थांबले. मग ती शेंगांच्या ढिगातून तशीच रांगत पुढे आली. तिने पोरीचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, दोन्ही कान बोटांत धरले आणि धरूनच राहिली. "माझ्या लेकीचे कान," म्हणाली. "तुला मेलेली समजून रडलो ना गं आम्ही."

तेव्हा एनेलेसीला कळलं. मामा महिन्याने दवाखान्यात गेला होता. त्या खाटेवरची पोर परवाच वारली, पुरलीसुद्धा, असं त्याला सांगण्यात आलं. दुसऱ्याच कुणाची तरी पोर असेल. तो रडत घरी आला. या घराने दोन मरणांचं सुतक धरलं होतं, दोघींसाठी डोकी भादरली होती. एनेलेसी पोरीच्या वजनाची, पहिलीची, दुसरीची वाट बघत होती, तेव्हा इथे ही म्हातारी दोघींना रडत होती.

आसपासच्या बायका धावत आल्या. हसत होत्या, रडत होत्या, जिभा घोळवून आनंदाचा आवाज काढत होत्या. एकीने एनेलेसीच्या पुढ्यातलं गाठोडं उचललं आणि घरात नेलं. दुसरीने परात नेली. एनेलेसीने हात पुढे केला, पण तोवर गाठोडं दाराआड गेलं होतं.

मतिसुंगेचा मामा, लायटन चिम्बायो, शेतातून आला. इकडे मूल आईच्या घराण्याचं धरतात, शेवटचा शब्द मामाचा. चाळिशीचा, शांत माणूस. तो खाली बसला आणि हलकेच टाळ्या वाजवून त्याने नमस्कार केला.

"ताई, तुमचे उपकार कुठल्या तोंडाने मानू," तो म्हणाला. "तुम्ही तिला घरी आणलंत."

"मी सिमेंट आणलंय," एनेलेसी म्हणाली. "तिच्या आईच्या कबरीला. पोरीने मागितलं होतं. तुमची परवानगी घ्यायला आले."

"कबर बांधू. उद्याच बांधू. पण माणूस कबरीची परवानगी मागायला येतं तेव्हा बरोबर वडीलधारा आणतं. तुम्ही एकट्या आलात. पोरीला घेऊन, तिचं अंथरूण-पांघरूण घेऊन, पीठ घेऊन. आम्ही काय समजायचं ताई? पोर परत द्यायला आलात, असंच सगळं गाव समजलं."

एनेलेसीच्या पिशवीत समाजकल्याणचा सहीचा कागद होता. तिने तो काढला. लायटनने तो दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला, तितक्याच आदराने परत दिला.

"साहेबांनी लिहिलंय, नातेवाईक सापडेपर्यंत. आम्ही सापडलो." मग थांबून त्याने विचारलं, "तुमच्या बाजूने बोलणारं कुणी आहे का ताई? असेल तर मी ऐकतो. मला घाई नाही."

भाऊ मासळी सुकवत होता. तिथल्या त्या भरल्या अंगणात एनेलेसीच्या बाजूने बोलेल असं कुणी नव्हतं. ती स्वतः काय बोलणार होती? सहा वर्षांपूर्वीच मला गाव कळलं होतं, असं? ती खाली बघत राहिली. माणसांनी त्याचाही अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी कबर बांधली. कबरीचं काम चालू असताना स्मशानाच्या राईत बायकांनी पुढे जायचं नसतं, त्या कडेलाच थांबल्या. मतिसुंगेला मात्र मामाने हाताला धरून आत नेलं. सिमेंट ओलं होतं तोवर तिने काडीने आईचं नाव लिहिलं, आणि खाली आपलंही लिहायला लागली, तेव्हा मामाने तिचा हात धरला. "तुझं नको. मेलेल्यांत तुझं नाव एकदा चुकून धरून झालंय."

परत आल्यावर पोरगी एनेलेसीला चिकटून बसली. नखांत सिमेंट होतं. "कबर सपाट नव्हती झाली," म्हणाली. "कुणीतरी दर वर्षी माती टाकत होतं."

"तुझी आजी."

"तिला दिसत नाही."

"हातांनी टाकत असेल."

मतिसुंगेने आजीकडे बघितलं. म्हातारी थोब्वाचं, मक्याच्या गोड पेयाचं, मडकं चाचपत होती, पोरांना द्यायला. मतिसुंगे उठली, जाऊन तिने भांडी धरली. एनेलेसीने ते बघितलं आणि मनातल्या मनात म्हणाली, देवबापा, तू फार हुशार आहेस, आणि तुझ्याशी मी नीट वागले नाही.

शनिवारी बिझविकची गाडी परतीला आली. बियाण्याची पोती रचली होती. सगळे अंगणात उभे होते. म्हातारी चाचपत पुढे आली. तिच्या हातात पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी होती. अंगणात तेवढी एकच अंडी देणारी कोंबडी होती, हे एनेलेसीने दोन दिवसांत बघितलं होतं.

"माझ्या लेकीची लेक तू वाढवलीस," म्हातारी म्हणाली. "घे माय."

कोंबडी घेतली की बोलणं मिटलं, पोर कापिरीची झाली. नाही घेतली तर बोलणं उघडं राहतं, भाऊ येऊ शकतो, गावच्या मुखियापुढे बसू शकतो, कागद पुन्हा निघू शकतो. एनेलेसीला हे ठाऊक होतं, अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लायटन दुसरीकडे बघत होता, तिला लाजवू नये म्हणून. म्हातारीने कोंबडी एनेलेसी उभी होती त्याच्या थोडी डावीकडे धरली होती.

एनेलेसी एक पाऊल डावीकडे सरकली, गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांनी कोंबडी घेतली.

तेवढ्यात मतिसुंगे घरातून आली. गाठोडं तिने स्वतःच बांधलं होतं, गाठ तिरकी होती. ती गाडीकडे चालू लागली. कुणी तिला अडवलं नाही. ते काम कुणाचं आहे हे सगळ्यांना कळत होतं.

"मतिसुंगे," एनेलेसीने हाक मारली. "गाठोडं ठेव."

पोरगी थांबली. "कशाला?"

"तू इथे राहायचंस. ही तुझी माणसं आहेत."

"तुम्ही मला परत द्यायला आणलंत?"

"सिमेंट द्यायला आणलं होतं."

"मग सिमेंट दिलं. चला."

एनेलेसीने तिला सगळं खरं सांगितलं. गाव तिला आधीपासून ठाऊक होतं, तिने सांगितलं नव्हतं. घाईत नव्हतं सांगायचं, पण पोरीला ते नंतर दुसऱ्या कुणाकडून कळावं, हे तिला सहन झालं नसतं. मतिसुंगे ऐकत राहिली. तिने गाठोडं खाली ठेवलं, रडली नाही, जवळ आली नाही. चुलीपाशी जाऊन शेंगांच्या ढिगाशेजारी पाठमोरी बसली.

 वाटेत एकदा बिझविकने आपलं जाडं कापड काढून तिच्या अंगावर टाकलं.

केन्नेडी आला तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलला ते फक्त एवढंच, "मला दोन आठवडे द्यायला तुझं काय जात होतं?"  तो तिच्यासाठी सुक्या मासळीचं पुडकं ठेवून गेला.

लव्हनेस फाइल घेऊन आली. कापिरी प्रकल्पाच्या हद्दीबाहेर. तिथल्या मुलांना प्रकल्प मदत करत नाही, मार्ग्रेताबाईंना आता दुसरं मूल दिलं जाईल. हे सगळं ती कागदाकडे बघत बोलली.

"आणि तिची शाळा?" एनेलेसीने विचारलं.

"कापिरीच्या शाळेत घालतील. पण मावशी, इथला दाखला नसेल तर तिला पुन्हा चौथीत बसवतील. पाचवीचं वर्ष वाया जाईल. दाखला मुख्याध्यापक देतात, पण पालकाच्या हातातच. कागदोपत्री अजून पालक तुम्हीच आहात. महिनाअखेरपर्यंत."

"कधी बसतात ते?"

"सोमवारी आणि गुरुवारी. सकाळी लवकर जा, मागून रांग लागते."

"वजनाचा आणि लसीचा कागद पण लागेल का?"

"तो मी फाइलमधून काढून देते."

लव्हनेसने कागद काढून दिला. एनेलेसीने तो प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. बिझविकला विचारून आली. बुधवारी त्याची गाडी कापिरीच्या वाटेने जाणार होती, कागद मामाच्या हातात देईन म्हणाला. "काही निरोप?" त्याने विचारलं. ती विचार करून म्हणाली, नाही, नुसता दाखला.

सोमवारी सकाळी ती शाळेत जाऊन मुख्याध्यापकांकडून पाचवीचा दाखला आणणार आहे.